खवा नसलेले पेढे

बेसन तुपात भाजलं की शेजारच्यांना कळतं. मार्गरीनमध्ये भाजलं तर आपल्याच घरातल्या बाहेरच्या खोलीतही कळत नाही. कढईतून वास येतो तो भाजक्या डाळीचा. त्याच्यामागे तुपाचा जो जाड, गोडसर पडदा असायला हवा, तो नसतो. गेल्या बुधवारी दुपारी वाशिमच्या माझ्या स्वयंपाकघरात मी गॅसपाशी उभी होते, आणि त्या नसलेल्या वासाशी माझी किती जुनी ओळख आहे ते मोजत होते. असे पेढे पहिल्यांदा केले त्याला सत्तावीस वर्षं झाली.

मोजण्याची मला सवय आहे. ओट्यावर वजनकाटा कायम असतो. अडीचशे ग्रॅम बेसनाला मी दीडशे ग्रॅम मार्गरीन घेतलं होतं. तूप असतं तर सव्वाशे पुरलं असतं, पण मार्गरीनच्या शंभर भागांतले ऐंशीच स्निग्ध असतात, बाकी पाणी आणि थोडं मीठ. ते पाणी आधी उडवावं लागतं. वडी कढईत पडली की तडतडते, फेस धरते, आणि फेस बसायच्या आत बेसन घातलं की गुठळ्या होतात. पोळीला वरून लावायला, नानखटाईला, शंकरपाळ्यांच्या मोहनाला हा पदार्थ चांगला. फोडणीला नाही, तळणीला तर नाहीच. चहाचा एक चमचा म्हणजे पाच ग्रॅम, छत्तीसएक कॅलरी. अ आणि ड जीवनसत्त्व वरून घातलेलं. हे सगळं मला पाठ आहे, कारण आमच्या घरात एक माणूस असं आहे ज्याला दुधाचा थेंब चालत नाही. आता अशी दोन माणसं आहेत.

पहिली माझी धाकटी बहीण वंदना. दुसरी तिची मुलगी ऋतुजा.

वंदनाचा फोन मंगळवारी आला होता. ती धनजला असते.

"ताई, किन्हीराजाचे पाहुणे ऋतुजाले पसंत म्हणून राह्यले. गुरुवारी कुंकू लावाले येतात."

"बरं झालं व."

"पेढे तूच कर."

मी विचारलं, "कोणते?"

"कोणते काय विचारतं? आपले. बेसनाचे."

आमच्याकडे कुंकवाच्या दिवशी मुलाची आई मुलीला कुंकू लावते आणि पेढा तिच्या तोंडात घालते. त्या पेढ्याने बोलणं पक्कं होतं. मुलीने नको म्हणायचं नसतं. अर्धा मोडून ठेवायचाही नसतो.

"वंदे, त्याईले सांगतलं का?"

"एवढं ठरू दे. मंग सांगू."

"ऋतुजा काय म्हणते?"

"तिले काय समजते? ते तं पोराले फोनवर सांगाले निघाली होती. म्या शपथ घातली." मग तिचा आवाज बारीक झाला. "तवा तूच ताटली धरली होती न ताई? मंग आता काहून इचारून राह्यली?"

ती ताटली मी धरली होती, हे खरं आहे.

आमचं माहेर जऊळक्याचं. स्टेशनापासून थोडं आत भाजीची वाडी होती. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, मिरच्या. पहाटे जुड्या बांधायला बसलं की ओल्या सुतळीचा आणि मेथीच्या मुळांना चिकटलेल्या मातीचा वास बोटांना दिवसभर राही. गाडीची शिट्टी झाली की बाबा न बघता वेळ सांगत. दारात दोन म्हशी होत्या. आणि घरात ही पोरगी, जिला दूध सोसत नव्हतं.

सोसत नव्हतं हाच शब्द. ॲलर्जी हा शब्द आमच्या घरात खूप उशिरा आला. सहा महिन्यांची असताना मायने दूधभात भरवला आणि ओठ वांग्यासारखे झाले, हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की पाहिल्यासारखं वाटतं. त्यानंतर स्वयंपाकघरात दोन राज्यं झाली. वरच्या फळीवर घरचं तूप, पितळी चमचा. खालच्या फळीवर वनस्पती तुपाचा पत्र्याचा डबा, त्यात वाकलेल्या दांड्याचा स्टीलचा चमचा. ‘घरचं’ आणि ‘डब्याचं’ अशी त्यांची नावं. या राज्यातला चमचा त्या राज्यात गेला की मायचा आवाज वाडीत ऐकू येई.

थंडीत डबा उघडला की आत पांढरंशुभ्र, रवाळ, घट्ट असे. चमचा रोवला की कुरकुर असा आवाज व्हायचा. त्याला स्वतःचा वास नव्हता. गरम पोळीवर ते विरघळायचं तेव्हा वंदना बोट फिरवून चाटायची आणि डोळे मिटायची. आम्ही तुपाला जे कौतुक देतो ते तिने त्याला दिलं. गावातल्या बाया म्हणत, "घरी दोन म्हशी अन् पोट्टी डब्यावर! काय व माय, तूप इकून खाता काय?" माय हसून टाळायची. कोणाला काही सांगायची नाही.

लपवायच्या रीती वंदना लहानपणीच शिकली. पूजेला पंचामृत ओंजळीत घ्यायचं, ओठांपर्यंत न्यायचं आणि पटकन डोक्याला पुसायचं. सत्यनारायणाच्या दिवशी तिच्या कपाळावरचे केस चिकट असत. प्रसादाचा शिरा ओढणीच्या टोकात जाई आणि घरी येईपर्यंत तो माझ्या पोटात गेलेला असे. दोन वाटे मी खाल्ले, दरवेळी. म्हैस व्याली की घरात चीक शिजे, सगळं घर त्या गोड, कोवळ्या वासाने भरून जाई, आणि तिला मिरच्या तोडायच्या निमित्ताने वाडीत पाठवलं जाई. तिथून ती विचारायची, "ताई, झालं का खाऊन?"

पुढे वर्तमानपत्रांत त्या डब्याबद्दल काय काय छापून आलं. तेल घट्ट करायच्या त्या जुन्या पद्धतीने त्यात जे तयार होई ते हृदयाला वाईट, असं. मी कागद घेऊन बसले. रोज तीन चमचे, पंधरा ग्रॅम. वर्षाला साडेपाच किलोच्या जवळ. लग्नापर्यंतची एकवीस वर्षं. एकशे पंधरा किलो. हा आकडा मी मायला ती असेपर्यंत सांगितला नाही, वंदनालाही नाही. तिच्या तपासण्या दरवर्षी मीच करवून घेते. अजून ठीक आहे. पण दवाखान्यातून कागद हातात येईपर्यंत मी बाकावर नीट बसू शकत नाही. ज्या डब्याने तिला जगवलं त्याचीच भीती बाळगायची, हे मला अजून जमलेलं नाही.

ती एकवीस वर्षांची झाली तेव्हा धनजचं स्थळ आलं. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. मी वाशिमहून जऊळक्याला गेले ती मायला मदत म्हणून. माय चुलीपुढे बसून म्हणाली, "दूध सोसत नाही म्हणून सांगतलं तं बिमार पोरगी म्हणून नाव पडते. मंग कोन करते तिले?" बाबा वाडीकडे बघत राहिले.

पेढे आम्ही दोघींनी केले. अठरा खव्याचे आणि सहा बेसनाचे. बेसन मंद आचेवर, रंग पेढ्याइतकाच येईल असं भाजलं. डब्याचं तूप, पिठीसाखर, जायफळ. सगळ्यांवर अंगठा सारखाच दाबला. मग ताटलीत अशी मांडणी केली की सहा बेसनाचे एका कडेला येतील आणि ती कड मी मुलाच्या आईपुढे धरीन. सरावही केला. माय मुलाची आई झाली, पाटावर नाक वर करून बसली. म्हणाली, "काय व, चहा गार देता काय आमाले?" वंदना इतकी हसली की तिला ठसका लागला. दुपारच्या उन्हात स्वयंपाकघरात आम्ही तिघी हसत होतो. त्या घरातलं ते शेवटचं तसं हसणं असेल.

पाहुणे आले. मुलाची आई उंच, हडकुळी, घोगऱ्या आवाजाची. पुढे आम्ही सगळे तिला मामी म्हणायला लागलो, म्हणून इथेही मामीच म्हणते. तिने वंदनाला कुंकू लावलं. मी ताटली पुढे केली, जशी ठरली होती तशी वळवून. मामीचा हात बेसनाच्या पेढ्यावर गेला. मी श्वास सोडला, आणि परत घेतला तेव्हा तो वास आला.

घरच्या तुपाचा. आमच्या म्हशीच्या तुपाचा.

मी ताटलीत पाहिलं. सहा पेढे बाकीच्यांपेक्षा जास्त चकाकत होते. मी साडी नेसायला गेले तेवढ्यात मायने त्यांच्यावरून तुपाचं बोट फिरवलं होतं. पाहुण्यांना वासावरून कळू नये म्हणून. स्वयंपाकघराच्या दारातून ती माझ्याकडे पाहत होती आणि समाधानाने मान हलवत होती.

वंदनालाही वास आला होता. तिचं नाक आमच्या सगळ्यांपेक्षा तिखट, ती त्या नाकावरच जगली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मी "थांबा" म्हणू शकत होते. एक शब्द. दहा जणं बसली होती, बाबा हात जोडून उभे होते. मी ताटली तशीच धरून राहिले. वंदनाने तोंड उघडलं.

पेढा तिने गिळला नाही, गालात धरला. तिला नाव विचारलं तेव्हा ती ओठ न उघडता जमेल तसं बोलली. एक म्हातारी म्हणाली, "पोरगी लाजाळू हाय व." मी मनात आकडे मोजत होते. एकशे चाळीसपर्यंत आले तेव्हा तिचा खालचा ओठ वर यायला लागला. तिचा पदर खाली ओढून, ताटली हातात तशीच धरून, मी तिला पाणी आणायच्या निमित्ताने आत नेलं.

मोरीत ती ओकली, चुळा भरल्या. गळ्यावर लाल गांधी उठल्या होत्या. श्वासात बारीक शिट्टी होती. माय तिच्या पाठीवरून हात फिरवत एकच म्हणत होती, "बोटभरच फिरवलं व माय. कढवलेलं तूप, त्यात दूध कुठचं राह्यते?"

तेवढ्यात दारात मामी.

तिने वंदनाचा ओठ पाहिला, मोरी पाहिली, मायचा हात पाहिला. मग माझ्या हातातल्या ताटलीतला चकाकणारा एक पेढा उचलून तोंडात टाकला. जीभ टाळूवर फिरवली. डब्याचं तूप टाळूला पातळ मेणासारखं बसतं, ते तिथे कळतं.

"बेसन हाय," ती म्हणाली. "डब्याचं हाय. वरून घरचं फिरवलं. काहून?"

मायने सांगितलं. सगळं, हुंदके देत.

"मंग पहिलेच काहून नाही सांगतलं?"

"कोन केलं असतं तिले?"

मामीने वंदनाचं तोंड पदराने पुसलं. बाहेर गाडी गेली, भांडी थरथरली. मग ती म्हणाली, "पोरीले पडू द्या. बाहेरचं मी पाह्यते." आणि बाहेर जाऊन तिने पुरुषांना सांगितलं की पोरीला उपास होता, चक्कर आली, पोरगी पसंत आहे. निघताना माझ्या कानाशी म्हणाली, "हे आपल्या चौघीतच राहू द्या."

वंदनाच्या श्वासातली शिट्टी दिवेलागणीपर्यंत राहिली. माझ्या कानात ती अजून आहे.

पुढची वर्षं मला वंदनाकडून कळली, तुकड्यातुकड्यांनी. मामीने धनजच्या स्वयंपाकघरात पिठाच्या कोठीमागे डबा ठेवला. मुलाच्या, नवऱ्याच्या पोळीला घरचं, वंदनाच्या पोळीला डब्याचं. स्वतःच्या हाताने लावायची. शेजारणींनी पाहिलं. गावात झालं, ‘सुनेले डब्याचं चारते अन् सोता घरचं खाते.’ हळदीकुंकवाला बाया मामीच्या तोंडावर म्हणत, "सून काय वाऱ्यावर आली काय वं, बाई?" मामी खो खो हसायची. "माह्या म्हशी, माहं तूप. मी पाहीन कोणाले द्याचं थे." कंजूष सासू म्हणून तिचं नाव पंचक्रोशीत झालं, आणि तिने ते पुसलं नाही. वंदना कोरा चहा प्यायची तोही सासू दूध देत नाही म्हणून, असं लोक धरून चालले.

आम्हा बहिणींना वाटायचं, याहून मोठी माया काय असते.

एकदा मामी लग्नाला परगावी गेली होती. नणंद माहेरी आली होती, वंदनावर जीव टाकणारी. तिने शेवयांची खीर केली आणि "वहिनी, तुही सासू घरी नाही, आज तरी खाय पोटभर," म्हणत चमचा तोंडात घातला. तिला काय माहीत? कोणालाच माहीत नव्हतं. वंदनाला कारंज्याला नेलं. तीन दिवस दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी नवऱ्याला समजावून सांगितलं, तेव्हा घराला कळलं. पण घराबाहेर नाही. पुढे ऋतुजालाही तसंच निघालं, आणि तेही उंबऱ्याच्या आतच राहिलं.

बुधवारी मी पेढे केले. चोवीस, सगळे बेसनाचे. एक चाखला. मार्गरीनमधल्या मिठाने जीभ क्षणभर खारट झाली, मग साखर आली.

गुरुवारी सकाळी धनजला पोचले. मामी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ऐंशीच्या घरात आहे आता, बोटं वाकडी झाली आहेत, पण दाणा नेमका सूपात पडतो. मला बघून तिने बाजूचं पोतं सरकवलं.

"कशाचे केले?"

"बेसनाचे."

"ते मले वंदीनं सांगतलं. ताटली सांगून धरशील का चूप राहून धरशील, थे इचारून राह्यली."

मी म्हणाले, "मामी, तुमी तवा चूप राह्यल्या म्हणून वंदीचा संसार झाला."

तिने शेंग खाली ठेवली. "लोक मले काय काय म्हणले, थ्याचं मले काहीच नाही वाटलं. मजा वाटे. पण कारंज्याले तिले पाह्यलं न, नाकात नळी, तवा समजलं मले. म्या तिले वाचवलं नाही, लपवलं. माह्याच पोरीच्या हातानं मरत होती ते." शेंग पुन्हा उचलून म्हणाली, "म्या बोलली असती आज. पण म्हातारी बरळते म्हणतात. तू शिकेल हायेस. अन् ताटली तुह्याच हातात राह्यते."

आत वंदना नवी पैठणी काढून बसली होती. ऋतुजा आरशासमोर. मला पाहून ती म्हणाली, "मावशी, औषध पर्समध्ये घेतलं हो मी." लग्नाच्या बोलणीला मुलगी पर्समध्ये औषध घेऊन बसणार होती. वंदनाने माझ्याकडे पाहिलं नाही.

पाहुणे अकराला आले. मुलगा, त्याची आई, वडील, मामा, दोन चुलत्या. मुलाची आई ठेंगणी, गोल चेहऱ्याची, सतत घाम पुसणारी. तिने ऋतुजाला कुंकू लावलं, हनुवटीला हात लावला. मी ताटली पुढे नेली. तिने पेढा उचलला.

मी ताटली स्टुलावर ठेवली.

"बाई, एक मिनिट," मी म्हणाले. "यात खवा नाही. बेसन आणि मार्गरीन आहे. मुलीला दूध चालत नाही. तूप, दही, ताक, काहीच नाही. थेंबानेही श्वास अडतो. तिच्या आईलाही तसंच आहे. हे आम्ही आधी सांगायला हवं होतं."

वंदनाने डोळे मिटले. मुलाच्या आईच्या हातात पेढा तसाच होता.

मुलाचा मामा आधी बोलला. "म्हंजे बिमारी हाय?"

"ॲलर्जी आहे. बाकी ती ठणठणीत आहे."

"दूध नाही, तूप नाही. मंग खाते काय बाप्पा ते?"

"सगळं खाते न मामाजी," ऋतुजा म्हणाली. "तुमच्या घरच्या मिरच्याही खाऊन पाहीन."

मुलगा हसला. एकटाच. वडिलांनी बघितलं तसा गप्प झाला.

"अन् हे मार्गरीन म्हंजे डब्याचंच न?" मामा म्हणाला. "थ्यानं तं दिल खराब होते म्हणतात."

"जुन्या पद्धतीचं वाईट होतं, खोटं नाही," मी म्हणाले. "आता कायद्याने त्यावर मर्यादा आली आहे. तरी रोजच्या जेवणात ती शेंगदाण्याचं तेलच खाते, हे सणापुरतं. आणि यातही काही पुड्यांत दुधाची भुकटी घातलेली असते. मागची यादी वाचल्याशिवाय आमच्याकडे पुडा घरात येत नाही."

मुलाच्या आईने पहिल्यांदा तोंड उघडलं. "लेकराले होते का?"

वंदनाने माझा हात धरला. घट्ट. तो हात काय मागत होता ते मला कळत होतं.

"होऊ शकते," मी म्हणाले. "नक्की कोणी सांगू शकत नाही."

हात सुटला.

ते अंगणात गेले, कडुनिंबाखाली उभे राहून बोलले. आतून शब्द कळत नव्हते, फक्त मामाचा चढलेला आवाज आणि मध्येच मुलाचा. कपांतल्या चहावर साय धरली. वीस मिनिटांनी वडील एकटेच दारापर्यंत आले. "कळवतो," म्हणाले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. कळवतो म्हणून गेलेले पाहुणे आमच्या भागात काय कळवतात ते सगळ्यांना माहीत असतं.

"झालं समाधान?" वंदना म्हणाली. रडत नव्हती, तेच वाईट होतं. "तवा तुले बोलाचं होतं तं बोलली नाही. आता नोको होतं तं बोलली. सत्तावीस वर्सांचं माह्या पोरीवर काढलं तू."

ते अर्धं खरं होतं. ऋतुजा खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मामी ओसरीतून आत आली नाही. मी संध्याकाळच्या आधीच्या बसने निघाले.

शुक्रवार गेला. वंदनाला तीनदा फोन केला, तिने उचलला नाही. मी दिवसभर घरात वजनकाटा पुसला, डबे लावले, पुन्हा काढले. त्या खोलीत कोणत्या क्षणी काय वेगळं बोलता आलं असतं ते जुळवत राहिले. प्रत्येक वेळी ऋतुजाच्या तोंडाशी आलेला एक चमचा दिसायचा आणि हिशेब तिथेच थांबायचा.

शनिवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे बाजाराचा गलका, कोणीतरी कांद्याचा भाव ओरडत होतं.

"मी किन्हीराजाची बोलून राह्यली. पोराची माय."

मी खुर्चीत बसले. "बोला न, बाई."

"आपल्या मालेगावले आली बजारात. तुमचा नंबर रुतूजवळून घेतला पोरानं." ती धापा टाकत होती, बहुतेक घाम पुसत होती. "आमच्या घरी मोठे भडकले हायेत. त्याईचं मी पाहीन. तुमी मले हे सांगा, याच्यात काय पाहाचं असते? दुकानदारानं दोन पुडे देल्ले. दोन्हीवर मार्गरीनच लिहेल हाय म्हणते."

"पुडा उलटा करा. मागे बारीक अक्षरात यादी असते."

"चष्मा घरीच राह्यला व." मग फोनपासून दूर, "ओ भाऊ, वाच बरं हे. नाही, नाही, सगळं वाच. शेवटपर्यंत."

तो वाचायला लागला. कंटाळलेला, एकेक शब्द तोडून. खाद्य तेल. पाणी. मीठ. मी फोन कानाला दाबून धरला होता. मग काही रासायनिक नावं, जी त्याला नीट म्हणता आली नाहीत. तिने त्याला ती पुन्हा म्हणायला लावली. गिऱ्हाइकं खोळंबली असावीत, कोणीतरी "घ्या न बाई लवकर" म्हणालं. ती म्हणाली, "थांब जरासा, सुनेचं काम हाय."

दुकानदार यादीच्या टोकाशी आला. "दुधाची भुकटी," त्याने वाचलं.

"ठेव ते तिकडं," ती म्हणाली. "दुसरं वाच."